उन्हाळी शिबिरात रोज पन्नास हेड : लेकराच्या डोक्याला काही होतं का?

मोगरा | शनिवार, रात्री १०:१२

परभणीहून लिहितेय. लेकरू अकरा वर्षांचं, जूनमध्ये सहावीत जाईल. एप्रिलपासून सकाळी सहा ते आठ फुटबॉलच्या शिबिराला जातो. सोमवारी घरी आला आणि दूध तसंच ठेवून आडवा झाला. "डोकं दुखतंय." मला वाटलं ऊन लागलं, पारा ४२ वर आहे सध्या. मंगळवारी पुन्हा तेच. खोदून विचारलं तर म्हणाला, "सर समोरून बॉल टाकतात, आम्ही रांगेनं हेड मारतो, म्हणजे डोक्यानं बॉल मारायचा. पन्नास झाले की पाणी."

बुधवारी मी स्वतः जाऊन कठड्यावर बसले आणि मोजले. सत्तेचाळीस लागले, तीन हुकले. सर माणूस चांगला आहे, पोरांकडून एक रुपया घेत नाही. विचारलं तर हसले, "ताई, त्यानं डोकं कणखर होतं."

नवरा म्हणतो तू फार वाचतेस. सासूबाई म्हणतात खेळच बंद करा, स्कॉलरशिपची तयारी करा. मला खेळ बंद करायचा नाहीये. पण फुटबॉलमधल्या हेडनं मेंदूला इजा होते असं वाचण्यात आलं होतं, त्यात किती तथ्य आहे? जाणकारांनी सांगावं.

काळीमाती | शनिवार, रात्री १०:४०

ताई, राग मानू नका, पण हे सगळं शहरी लाड आहेत. आमी वसमतला लहानपनी म्हशीच्या पाठीवरून पडलाव, बैलगाडीच्या जुवावर डोकं आपटलं, आंब्यावरून खाली आलाव. हळद दाबली की दुसऱ्या दिवशी शाळेत. काय झालं आमाला? आन् बॉल म्हंजे हवा भरलेलं चामडं. त्यानं मेंदू हलूलाला म्हनून कोन सांगितलं? लेकराला खेळू द्या. मोबाईलपेक्षा बरंय.

टाकेवाली | शनिवार, रात्री ११:०५

मोगरा ताई, बाकी वाद नंतर. लागोपाठ दोन दिवस डोकं दुखलंय, तर सोमवारी आधी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर हेड पूर्ण बंद. उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, असंबद्ध बोलणं, तोल जाणं, दोन दोन दिसणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, यातलं एकही दिसलं तर सोमवारची वाट न बघता थेट दवाखाना.

काळीमाती काका, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे. ज्यांना झालं ते इथं लिहायला आलेले नाहीत.

आता मूळ मुद्दा. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला धक्का बसला की कवटी थांबते, मेंदू थोडा पुढं जातो आणि पिळलाही जातो. सरळ धक्क्यापेक्षा ही पीळ जास्त वाईट. मेंदूच्या पेशींना लांब दोऱ्यासारखे तंतू असतात, ते ताणले जातात. धक्का मोठा असेल तर लगेच लक्षणं दिसतात, त्याला कन्कशन म्हणतात. एका साध्या हेडनं तसं होत नाही. शंका आहे ती त्याखालच्या धक्क्यांबद्दल. काही जाणवत नाही, पोरगं खेळत राहतं, पण असे हजारो साचतात. आपल्याकडं मुका मार म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार. बाहेर खूण नाही.

स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात २०१६ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. १९ खेळाडूंना यंत्रातून सुटलेल्या बॉलवर २० हेड मारायला लावले, कॉर्नरला, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक मारल्यावर, येतो तेवढ्या वेगाचे. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. २४ तासांत सगळं पूर्ववत झालं. म्हणजे घाबरण्यासारखंही आहे आणि नाहीही. पण २४ तासांनी तुमचं लेकरू पुन्हा त्याच रांगेत उभं असतं, तिथं मी अडते.

आमखास_बॅक | शनिवार, रात्री ११:३१

अरे भाई, आमखास मैदानावर बारा वर्षं सेंटर बॅक खेळलो, म्हणजे गोलासमोरचा बचावपटू. गोलकीनं लांब किक मारली की खाली मीच. पावसात चामड्याचा बॉल पाणी पिऊन असला जड व्हायचा की हेड मारला की डोळ्यापुढं औरंगाबाद लेणी फिरायची. रात्री डोकं भणभणायचं. पण तो जमाना गेला. आताचे बॉल पाणी पीत नाहीत, हलके असतात. त्यामुळं नव्या पोरांना तेवढा धोका नाही असं मला वाटतं.

(माझ्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे. किल्ली कुठं ठेवली ते आठवलं नाही की तिला बारा वर्षांचे सगळे हेड आठवतात.)

नांदेडी_गोलकी | रविवार, सकाळी ६:५०

या विषयावर लिहायला मी योग्य माणूस आहे, कारण मी आयुष्यभर हातानंच बॉल अडवला.

इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅस्टल नावाचा सेंटर फॉरवर्ड होता, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा. हेडसाठी नावाजलेला. गंमत म्हणजे १९६८ च्या एफए कप फायनलमधला त्याचा विजयी गोल डाव्या पायाचा. शेवटची काही वर्षं विस्मरणात गेली आणि २००२ च्या जानेवारीत तो वारला. वय ५९. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं मृत्यूचं कारण लिहिलं : धंद्यामुळे जडलेला आजार. म्हणजे खाणकामगाराच्या छातीत धूळ बसावी तसं. २०१४ मध्ये विली स्ट्यूअर्ट या डॉक्टरांनी त्याचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीई सापडला, डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार. बॉक्सरांमध्ये सापडतो तो. ब्राझीलचा १९५८ चा विश्वविजेता कप्तान बेलिनी, तोही बचावपटू, २०१४ मध्येच गेला. त्याच्या मेंदूतही हेच निघालं.

आणि १९६६ चा इंग्लंडचा विश्वविजेता संघ घ्या. फायनल खेळलेल्या अकरांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी हे चार्लटन बंधू, पाच जणांना स्मृतिभ्रंश. त्यांचा गोलकी गॉर्डन बँक्स मात्र त्या यादीत नाही.

काळीमाती | रविवार, सकाळी ७:२२

पाच मान्सं झाली म्हनून सगळ्या दुनियेला होतंय का? आमच्या गावात म्हातारपनी विसरनारे धा जन हायत. एकानंबी फुटबॉल डोळ्यानं बगितला नाई.

लातूर_पॅटर्न | रविवार, सकाळी ९:१५

काकांचा मुद्दा बरोबर आहे, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. पाच नावांवरून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच विली स्ट्यूअर्ट यांनी ग्लासगोत मोठा हिशेब मांडला. २०१९ मध्ये छापून आला. स्कॉटलंडचे ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू एका बाजूला, त्याच वयाची, त्याच आर्थिक थरातली २३,०२८ साधी माणसं दुसऱ्या बाजूला. मेंदू झिजवणाऱ्या आजारानं मृत्यू : खेळाडूंत १.७ टक्के, इतरांत ०.५ टक्के. वयाचा वगैरे हिशेब धरून साधारण साडेतीन पट. अल्झायमर पाच पट.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग लोक सांगत नाहीत. या खेळाडूंमध्ये हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते, आणि सत्तरीपर्यंत एकूण मृत्यूही कमी. सासूबाईंना हा आकडा दाखवा.

काळीमाती | रविवार, सकाळी ९:३३

१.७ टक्के? शंभरात दोनबी नाईत. एवढ्यासाठी एवढी बोंबाबोंब?

लातूर_पॅटर्न | रविवार, सकाळी ९:५८

काका, तो टक्का सगळ्या ७६७६ जणांवर काढलेला आहे, आणि अभ्यास संपला तेव्हा त्यातले ११८० च वारले होते. बाकीचे जिवंत होते, बरेचसे अजून म्हातारेही झाले नव्हते. पीक निम्मंही काढणीला आलं नाही आणि तुम्ही एकरी उतारा सांगताय.

पण तुमच्या बाजूनं एक सांगतो. स्वीडनमध्ये २०२३ ला असाच अभ्यास आला, वरच्या विभागात खेळलेले ६००७ खेळाडू आणि ५६ हजारांवर इतर माणसं. तिथं मेंदूचे असे आजार खेळाडूंत ९ टक्के, इतरांत ६ टक्के. म्हणजे दीडपट, साडेतीन नव्हे. पार्किन्सन (कंपवात) तर खेळाडूंमध्ये कमीच. आकडा देशागणिक हलतो, दिशा मात्र तीच.

आमखास_बॅक साहेब, आता तुमच्याकडं येतो. ग्लासगोच्या मंडळींनी २०२१ मध्ये खेळाडूंच्या जागा वेगळ्या केल्या. गोलकीला धोका जवळजवळ सामान्य माणसाइतका. बॅकला सगळ्यात जास्त, साधारण पाच पट. पंधरा वर्षांहून जास्त खेळलेल्यांनाही तेवढाच. आणि १९१० च्या दशकात जन्मलेला असो की १९६० च्या, फरक पडला नाही. ओल्या चामड्याचा बॉलच दोषी असता तर नंतरच्या पिढीत धोका उतरायला हवा होता. बॉलचं वजन नियमानं ४१० ते ४५० ग्रॅम, तेव्हाही कोरडा तेवढाच होता. आताचा भिजत नाही, पण येतो मात्र जास्त वेगानं.

नांदेडी_गोलकी | रविवार, सकाळी १०:०६

"गोलकीला धोका जवळजवळ सामान्य माणसाइतका." हे वाक्य फ्रेम करून बैठकीत लावतोय. चाळीस वर्षं पोरं चिडवायची, पळता येत नाही म्हणून गोलात उभा केला.

आमखास_बॅक | रविवार, सकाळी १०:२०

बायकोला हा धागा दाखवणार नाही.

पण लातूरचे मास्तर, एक शंका. बॅकला नुसते हेड नसतात. कोपर लागतं, डोक्याला डोकं लागतं, खांबावर आपटतो. माझ्या भुवईवर सहा टाके आहेत, एकही बॉलनं नाही पडला. मग दोष हेडचा की त्या मारामारीचा?

लातूर_पॅटर्न | रविवार, सकाळी १०:४१

शंका खरी आहे. या अभ्यासांत कोणाचेही हेड मोजलेले नाहीत, जागेवरून अंदाज बांधलाय. न्यूयॉर्कच्या मायकल लिप्टन यांनी २०१३ मध्ये ३७ हौशी खेळाडूंचे मेंदू स्कॅन करून पाहिले होते. वर्षाला साधारण ८८५ ते १५५० च्या वर हेड मारणाऱ्यांच्या मेंदूतल्या तंतूंमध्ये बदल दिसला, स्मरणशक्तीत घट १८०० च्या वर. लहान अभ्यास आहे, दगडावरची रेघ समजू नका. पण मोगरा ताईंचं गणित मी करून बघितलं. रोज पन्नास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे : १८००. एका उन्हाळ्यात.

मोगरा | रविवार, सकाळी ११:०२

१८०० वाचून पोटात गोळा आला.

शिट्टी | रविवार, दुपारी १:१५

मी धाराशिव जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे, चोवीस वर्षं. आधी त्या सरांची बाजू मांडतो, कारण इथं कोणी मांडणार नाही.

२०१७ च्या सप्टेंबरात, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात व्हायच्या आधी, राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम झाला. शाळाशाळांत बॉल आले. आमच्या शाळेत तोवर व्हॉलीबॉल आणि खो-खोच. बॉल आले, पण तो शिकवायचा कसा हे सांगणारं कोणी आलं नाही. आम्ही शिकलो ते जुन्या खेळाडूंकडून, आणि ते शिकले होते रांगेत उभं राहून पन्नास हेड मारत. ते सर दुष्ट नाहीत. त्यांना जे मिळालं तेच पुढं देतायत.

आणि हेही ध्यानात घ्या, हातानं समोरून टाकलेला बॉल आणि कॉर्नरचा बॉल यांत फार फरक आहे. लातूरच्या मास्तरांनी दोन्ही एकाच तराजूत टाकलेत.

पण आता दुसरी बाजू. अमेरिकेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडच बंद केला, अकरा ते तेरा वयाला सरावात आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा तास. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं २०२० च्या फेब्रुवारीत प्राथमिक वयाच्या मुलांचा हेडचा सरावच थांबवला. २०२१ पासून इंग्लंडच्या मोठ्या व्यावसायिक खेळाडूंना सुद्धा सल्ला आहे की जोराचे हेड सरावात आठवड्याला दहापर्यंतच. पगारी, बलदंड मानेच्या गड्यांना दहा! हे वाचल्यावर मी माझी रांग बंद केली.

आता मी काय करतो ते सांगतो. पाचवी-सहावीला फुगा. हो, वाढदिवसाचा फुगा. कपाळाच्या मध्यावर घ्यायचा, डोळे उघडे, तोंड बंद, मान ताठ. टाळूवर घ्यायचा नाही. फुगा जमला की प्लास्टिकचा हलका चेंडू, स्वतःच वर टाकून स्वतःच मारायचा, पाच-सहा वेळा. आठवीपर्यंत लांबून आलेल्या बॉलवर हेड नाहीच. वेळ उरतो तो पायावर घालवतो. खरं तर आमच्या पोरांचं पायाचंच काम कच्चं आहे, हेड करून काय उपयोग, बॉल परत त्यांच्याच पायाशी येतो.

बॉलचा नंबर, म्हणजे आकार, बघा. आठ ते बारा वयाला चार नंबर, तेराच्या पुढं पाच. आपल्याकडं सगळ्यांना एकच पाच नंबर, तोही दगडासारखा फुगवलेला. वर सकाळी भरलेला बॉल उन्हात पडून राहतो, हवा तापते आणि तो आणखी कडक होतो. अंगठ्यानं दाबून बघा, थोडा दबला पाहिजे.

मैदानाचं तर विचारूच नका. विलायतेत हेडची चिंता करतात, त्यांच्या खाली गवत आहे. आमच्याकडं मेमध्ये मुरूम असा असतो की पडलेल्या पोराचं डोकं जमिनीवर टणकन वाजतं. मला विचाराल तर मराठवाड्यात बॉलपेक्षा जमिनीनं जास्त डोकी हलली असतील. आणि मग काय करतात? तोंडावर पाणी मारतात, "उठ, मर्द आहेस का नाहीस" म्हणतात, आणि पोरगं परत आत. मीही केलंय. एका पोरानं हाफटाइमनंतर आमच्याच गोलात गोल मारला होता, त्याला दिशाच कळत नव्हती. सगळे हसलो. आज आठवलं की हसू येत नाही.

टाकेवाली | रविवार, दुपारी २:३०

शिट्टी सर, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक शाळेत वाचून दाखवला पाहिजे. डोक्याला लागून पोरगं जरा जरी भांबावलं तर त्या दिवशी परत मैदानात नाही, कितीही रडलं तरी. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडू शकतो, लहान वयात विशेष. मोठ्या सामन्यांत आता यासाठी वेगळा बदली खेळाडू देतात, २०२१ पासून प्रयोग म्हणून आणि २०२४ पासून नियमातच.

उजवी_विंग | रविवार, संध्याकाळी ५:४५

सगळा धागा वाचला, पोरींचा उल्लेख एकदाही नाही. मी जालन्याची, विभागापर्यंत खेळले. ग्लासगो, स्वीडन, दोन्ही मोठे अभ्यास पुरुषांचे. लिप्टन यांच्याच गटानं २०१८ मध्ये ४९ पुरुष आणि ४९ बायका घेऊन स्कॅन केले होते. दोघांचे हेड साधारण सारखेच, तरी बायकांच्या मेंदूत बदल झालेला भाग पाच पटीनं जास्त. मानेची ताकद कमी हे एक कारण असू शकतं असं म्हणतात. आमच्या वेळी मानेचा व्यायाम कोणी घेतला नाही. "पोरींना कशाला" म्हणून. आणि पोरी हेडला घाबरतात म्हणून आम्हाला मुद्दाम जास्त मारायला लावायचे.

ते डोक्याला बांधायचे जाड पट्टे मिळतात, त्यांचा काही उपयोग?

टाकेवाली | रविवार, संध्याकाळी ६:१०

कातडी फुटणं, टेंगूळ येणं याला थोडा. आतल्या हादऱ्याला भरवशाचा नाही. बरणीला बाहेरून गोधडी गुंडाळली तरी हलवल्यावर आतलं लोणचं हलायचं राहतं का? उलट पट्टा बांधला की पोरं जास्त बेधडक डोकं घालतात. पैसे चार नंबरच्या बॉलवर घाला.

मोगरा | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. सोमवारी दाखवून आणलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, तोल, बाहुल्या, उलटे आकडे म्हणायला लावले. कन्कशन नाही म्हणाले, पण आठवडाभर हेड बंद. मग डोळे तपासायला सांगितले, आणि नंबर निघाला! दोन्ही डोळ्यांना. फळ्यावरचं दिसत नव्हतं हे लेकरानं कधी सांगितलंच नाही. वर उपाशीपोटी शिबिराला जात होता. डोकेदुखीचं कारण बहुतेक हेच.

काळीमाती | बुधवार, रात्री ९:२८

बगा! मी काय सांगूलालतो? चष्मा! आन् तुमी ग्लासगो, स्वीडन सगळं फिरून आलाव.

लातूर_पॅटर्न | बुधवार, रात्री ९:४४

काका, चष्म्यानं डोकेदुखी सुटली. पन्नास हेडचा प्रश्न तिथंच आहे. ताईंनी विचारलं होतं हेडनं इजा होते का, आणि त्यातलं बरंचसं नुकसान दुखत नाही हीच तर अडचण आहे.

शिट्टी | बुधवार, रात्री १०:०१

आणि ज्या पोराला लांबचं दिसत नाही तो येणारा बॉल उशिरा बघणार, कपाळावर घ्यायचा तो टाळूवर किंवा नाकावर घेणार. ताई, ते तीन हुकलेले हेड आठवा.

सरांशी बोलणं झालं का?

मोगरा | बुधवार, रात्री १०:१९

झालं. धागा दाखवला नाही, नाहीतर सगळ्या गावानं मिळून आपल्याला शिकवलं असं त्यांना वाटलं असतं. फक्त इंग्लंडच्या आठवड्याला दहाचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही हो." फुगे मात्र त्यांना पटले नाहीत, पोरं हसतील म्हणाले. सध्या प्लास्टिकचा चेंडू, दहा वेळा. पुढच्या महिन्यात बघू.

लेकराची नवीनच तक्रार, चष्मा घालून खेळता येत नाही आणि काढला तर बॉल दिसत नाही.

उजवी_विंग | बुधवार, रात्री १०:२५

मागून पट्टा असलेला खेळाचा चष्मा मिळतो, काच नसते त्यात. चष्म्याच्या दुकानात सांगून मागवावा लागेल.

काळीमाती | गुरुवार, सकाळी ६:३५

शिट्टी सर, बॉलचा नंबर परत एकदा सांगा. नातवासाठी घ्यावं म्हनतो. सात वर्षांचा हाय.

शिट्टी | गुरुवार, सकाळी ७:०२

तीन नंबर. हवा थोडी कमीच ठेवा.